जुळते, पण भेटते का?

कणकुंबीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन समुद्र खुले असतात. माउलीच्या देवळाच्या बाजूचे पाणी मलप्रभेचे होते. खानापूर, नविलुतीर्थाचे धरण, पट्टदकल, ऐहोळे असे पूर्वेकडे जात ते कुडलसंगमाला कृष्णेत शिरते आणि बंगालच्या उपसागराला लागते. जरा पश्चिमेला पडलेले पाणी कळसा नाल्यात उतरते, म्हादईला मिळते आणि पणजीपाशी अरबी समुद्रात जाते. एकाच ढगातले, एकाच सरीतले पाणी.

जवळ असणे ही एक गोष्ट. जुळू शकणे ही दुसरी. प्रत्यक्ष भेटणे ही तिसरी. या तिघींची गल्लत आपण रोज करतो आणि ती खपूनही जाते. प्रयोगशाळेत ती खपत नाही. तिथे ती छापून येते आणि मग दहा वर्षे निस्तरावी लागते.

*

यीस्टची पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. तिच्यात प्रथिनांचे सुमारे ४ कोटी २० लाख रेणू असतात. प्रकार सहा हजारांच्या आसपास. एवढ्या दाटीत कोणी ना कोणी कोणाला धडकणारच. धडकण्याला अर्थ नसतो. कोण कोणापाशी थांबतो, याला असतो.

प्रथिन एकट्याने क्वचितच काही करते. साखर पचवणे, पेशीचे विभाजन रोखणे, तुटलेला डीएनए सांधणे, ही सगळी टोळीची कामे. म्हणून नवे, अनोळखी प्रथिन हाती आले की पहिला प्रश्न त्याच्या कामाचा विचारत नाहीत, संगतीचा विचारतात. संगतीवरून माणूस ओळखायला गेले तर बऱ्याचदा अन्याय होतो. प्रथिनांच्या बाबतीत ही पारख पुष्कळच खरी ठरते.

पूर्वी संगत शोधायची म्हणजे पेशी फोडायची, एका प्रथिनाला अँटिबॉडीने धरून बाहेर ओढायचे आणि त्याला चिकटून आणखी कोण आले ते पाहायचे. यात दोन अडचणी. पेशी फोडली की घरच फुटते. एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारे एकमेकांत मिसळतात. आणि जो चिकटून आला त्याचे नाव लावायचे तर तो पुरेसा हाती लागावा लागतो. तो बहुधा लागत नसे.

*

गॅल-४ हे यीस्टचेच एक प्रथिन. दुधातल्या साखरेपासून मिळणारा गॅलॅक्टोज समोर आला की तो पचवणारी जनुके हे प्रथिन चालू करते. ८८१ अमिनो आम्लांची साखळी. एका टोकाकडे डीएनएवरची नेमकी जागा ओळखून तिथे बसण्याचे काम, दुसऱ्या टोकाकडे जनुक चालू करण्याचे.

१९८० नंतरच्या काही वर्षांत हार्वर्डला मार्क टाश्नी यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले की ही दोन कामे खरोखरच वेगळी करता येतात. बसणारा तुकडा नुसता बसून राहतो; जनुक बंदच. चालू करणाऱ्या तुकड्यात जोर असतो, पण कुठे जायचे ते त्याला कळत नाही. आपल्या आसपास अशी माणसे पुष्कळ आहेत, पण तो विषय इथे नको.

स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू सोंग न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात होते. त्यांनी या फारकतीचा उपयोग करून घेतला. ज्या दोन प्रथिनांची संगत तपासायची त्यातले एक पहिल्या तुकड्याला जोडायचे, दुसरे दुसऱ्या तुकड्याला. दोन्ही जोड यीस्टमध्ये घालायचे. ती दोन प्रथिने एकमेकांना धरत असतील तर त्यांच्याबरोबर गॅल-४ चे दोन तुकडेही शेजारी येतील. शेजारी आले की पुरे, एकसंध साखळी लागत नाही. जनुक चालू होईल आणि ते आपल्याला दिसेल अशी सोय आधीच करून ठेवायची.

निवडलेली जोडी होती एसएनएफ-१ आणि एसएनएफ-४. ती एकत्र असते हे आधीच माहीत होते. नवी पद्धत तपासायची तर उत्तर ठाऊक असलेला प्रश्नच आधी विचारावा. यीस्टने निळा रंग दिला, म्हणजे जनुक चालू झाले. जुलै १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख आला, जेमतेम दोन पानांचा.

काही शोध नवीन वस्तू आणतात, काही नवीन डोळा. हा शोध यांपैकी कशातच बसत नाही. तुकड्यांची फारकत दुसऱ्यांनी दाखवली होती, यीस्टमध्ये परके जनुक घालणे जुने झाले होते, निळा रंग तर शाळेतल्या प्रयोगाइतका सवयीचा. नवा होता तो फक्त प्रश्न. न दिसणारी भेट दिसत नसेल तर तिच्यावर अवलंबून असलेले दुसरे काहीतरी दिसते करावे.

आणि चांगल्या चालणाऱ्या गोष्टीचे आधी दोन तुकडे करावे. हे धाडस सोपे वाटते, कारण आपण ते दुसऱ्याने केल्यावर पाहतो.

*

यीस्टला यासाठी बरेच गमवावे लागते. त्याचे स्वतःचे गॅल-४ काढून टाकतात, नाहीतर ते आपणच जनुक चालू करील आणि उत्तर फुकट येईल. गॅल-४ ला दाबून धरणारे गॅल-८० हेही काढतात. ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, हिस्टिडिन स्वतः बनवण्याची ताकद काढून घेतात. मग एकेक ताकद एकेका अटीवर परत देतात. पहिला जोड आत गेला असेल तर ट्रिप्टोफॅन बनवता येईल. दुसरा गेला असेल तर ल्युसिन. आणि दोघे एकमेकांना धरत असतील तरच हिस्टिडिन.

हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर ते यीस्ट पसरायचे, तीस अंशाला तीन ते पाच दिवस ठेवायचे आणि पाहायचे.

निळा रंग फिका असू शकतो. त्यावर वाद घालता येतो. वाढले की नाही यावर वाद कमी होतो. प्रश्न जगण्यामरण्याचा केला की उत्तर लवकर येते. बरोबर येतेच असे नाही.

पण या अटीमुळे एक मोठी सोय झाली. लाखो पेशी घ्या, प्रत्येकीत दुसऱ्या तुकड्याला जोडलेले वेगळे प्रथिन, म्हणजे सावज, आणि सगळ्यांत पहिल्या तुकड्याला जोडलेले प्रथिन, म्हणजे आमिष, मात्र एकच. ज्या पेशीतले सावज आमिषाला धरील तीच प्लेटवर वाढेल. बाकी लाखो मरतील आणि त्यांच्याकडे बघावेही लागणार नाही. वाचलेल्या पेशीतून डीएनए काढला, वाचला, की सावजाचे नाव हाती. अँटिबॉडीवाल्यांना जे नाव मिळवताना नाकी नऊ येत, ते इथे पेशीच्या आत लिहिलेलेच असते.

त्या दशकात पुष्कळ नावे अशी मिळाली. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये हाती लागले. त्याच्या प्रथिनाचा जोडीदार बार्ड-१ हा १९९६ मध्ये यीस्टनेच दाखवला. पेशीला वाढीचा निरोप देणारे रॅस पुढे तो रॅफला देते, हे थेट धरणे १९९३ मध्ये यीस्टच्या प्लेटवर दिसले.

*

१९९३ ची आणखी एक गोष्ट मला या सगळ्यात जास्त मोलाची वाटते.

पेशीचे विभाजन पुढे नेणारे सीडीके-२ नावाचे प्रथिन आमिष म्हणून लावले होते. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात स्टीफन एलेज आणि वेड हार्पर यांच्या चमूला त्याला धरणारे एक छोटे प्रथिन सापडले. ते सीडीके-२ चे काम थांबवते असे निघाले. त्याच सुमारास बाल्टिमोरला बर्ट फोगलस्टाइन यांच्याकडे वेगळाच शोध चालू होता. ट्यूमर आवरणारे पी-५३ कोणकोणती जनुके चालू करते हे ते पाहत होते. त्यांनाही एक जनुक मिळाले. दोन्ही लेख नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘सेल’च्या एकाच अंकात आले. प्रथिन एकच होते, ज्याला आज सगळे पी-२१ म्हणतात.

हार्पर-एलेज यांनी आपलीच प्लेट शंभरदा लावली असती तरी इतका भरवसा आला नसता. तीच चूक पुन्हा केली तर ती पुन्हा तशीच होते. दुसऱ्या वाटेने आलेला माणूस त्याच दारात भेटला तेव्हा दाराची खात्री पटली.

*

प्लेट लावणाऱ्याला पहिले भय असते ते आमिषाचेच. काही प्रथिनांना मुळातच जनुक चालू करायची खोड असते. सावज नसतानाही जनुक चालू होते, यीस्ट वाढते आणि नवशिका आनंदाने नाचतो. म्हणून एकट्या आमिषाची प्लेट आधी. जिथे काहीही वाढायला नको अशी प्लेट सगळ्यात महत्त्वाची. तिचा फोटो मात्र कोणी छापत नाही.

मग गळती. हिस्टिडिन बनवणारे जनुक बंद असतानाही थेंब थेंब गळत असते. तेवढ्यावर यीस्ट कसेबसे तग धरते. गळती थांबवता येत नाही, म्हणून तिला पुरून उरेल एवढेच एक रसायन प्लेटमध्ये घालतात, अमिनोट्रायझोल. किती घालायचे ते एकट्या आमिषावरून ठरते. कमी पडले तर सगळेच खरे वाटते. जास्त झाले तर दुबळे पण खरे नाते मरते. संशयाचीही मात्रा असते, आणि ती प्रयोग सुरू होण्याआधी ठरवावी लागते. निकाल पाहून ठरवलेली मात्रा म्हणजे सोय.

एका बाजूला पी-५३ आणि त्याला हटकून धरणारे विषाणूचे टी-अँटिजन: इथे वाढलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूला तेच टी-अँटिजन आणि त्याला न धरणारे लॅमिन: इथे वाढता कामा नये. या दोन प्लेटी न लावता आलेले उत्तर उत्तर नसते.

काही सावजे प्रत्येक शोधात सापडतात. राइबोसोमचे तुकडे, उष्णतेच्या धक्क्यात धावून येणारी प्रथिने, टाकाऊ प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेचे भाग. अनुभवी माणूस ती नावे पाहून पान उलटतो. सगळ्यांशी जुळणाऱ्याची साक्ष कोणाच्याच बाजूने धरता येत नाही. तरीही त्या ढिगात कधीतरी एखादे खरे नाते असते, आणि पान उलटणारा ते गमावतो. याला उपाय नाही.

*

इथवर खोट्या होकाराचे झाले. त्याहून अवघड असतो खरा होकार.

समजा, एक प्रथिन यकृतात असते आणि दुसरे मेंदूत. किंवा एक केंद्रकात राहते, दुसरे पेशीच्या बाहेर जाते. किंवा एक गर्भात तयार होते आणि जन्माआधी नाहीसे होते. दुसरे त्यानंतर येते. आयुष्यात त्यांची गाठ पडत नाही. दोघांनाही उचलून यीस्टच्या केंद्रकात ठेवले, एकमेकांना धरण्याजोगे खाचखळगे दोघांच्या अंगी निघाले, तर ती धरतील. यीस्ट वाढेल. प्रयोगात काही चुकलेले नाही. गळती नाही, आमिष खोडकर नाही. दोन्ही प्रथिने खरोखरच जुळतात. फक्त ती कधीच भेटत नाहीत.

कणकुंबीपाशी कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत आणण्यासाठी कालवा खोदलेला आहे. जमिनीची पातळी पाहिली, उतार मोजला, तर पाणी तिकडे नेता येते यात शंका नाही. त्या पाण्यावरून तीन राज्ये न्यायाधिकरणापुढे गेली. १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा आला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, आणि त्यात मलप्रभेकडे वळवायला कळशाचे १.७२ व भांडुरा नाल्याचे २.१८. गोव्याचा विरोध त्यानंतरही संपलेला नाही. कोणाचे बरोबर हा वाद इथे मांडायचा नाही. मला दिसते ते एवढेच की कालवा खोदल्यावर जे कळते ते डोंगराच्या शक्यतेबद्दल असते. डोंगराने आजवर काय केले याबद्दल त्यातून एक अक्षरही कळत नाही. पाणी मिसळते. मिसळत होते का, हा प्रश्न कालव्याला विचारायचा नसतो.

यीस्टच्या केंद्रकातली जुळणी ही खोदून घडवलेली भेट आहे. तिचे मोल त्याने कमी होत नाही. मात्र खोदणाऱ्याने खोदल्याचे विसरता कामा नये.

हे विसरणे सोपे आहे, कारण प्लेटवरची कॉलनी सरळ ‘हो’ म्हणते. ती ‘जमेल’ म्हणत नाही. शक्यतेचे उत्तर घटनेच्या भाषेत येते आणि ऐकणारा तसेच लिहून घेतो.

*

नकाराची गोष्ट छोटी आहे. यीस्ट वाढले नाही, म्हणजे काहीच कळले नाही.

प्रथिन पेशीच्या पडद्यात रुतून राहणारे असेल तर ते केंद्रकात पोचणारच नाही. जोडलेल्या तुकड्यामुळे नेमकी धरण्याची जागा झाकली गेली असेल. माणसाच्या पेशीत त्या प्रथिनाला आधी टायरोसिनवर फॉस्फेट लागत असेल आणि मगच ते धरत असेल. यीस्टकडे तसल्या फॉस्फेटची आपली व्यवस्थाच जवळपास नाही. पडद्यातल्या प्रथिनांनाही चालेल अशी वेगळी तऱ्हा युबिक्विटिन या प्रथिनाचे दोन तुकडे करून निघाली. १९९४ मध्ये निल्स योन्सन आणि अलेक्झांडर वर्शाव्स्की यांनी ती दाखवली. फोडण्याजोगी वस्तू बदलली, युक्ती तीच.

पुस्तकांत पक्क्या ठरलेल्या जोड्यांवरही या पद्धती आजमावल्या गेल्या आहेत. कोणतीही एक पद्धत पाव ते एक-तृतीयांश जोड्यांच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे चार खऱ्या मित्रांपैकी तिघे दाराबाहेर. हे कळल्यावर ‘जुळत नाही’ असे लिहिणारा हात थरथरायला हवा. थरथरत नाही.

*

२००० मध्ये पीटर उएट्झ आणि फील्ड्स यांच्या चमूने यीस्टचीच सगळी प्रथिने यीस्टमध्ये एकमेकांसमोर उभी केली. १,००४ प्रथिनांमध्ये ९५७ जोड्या मिळाल्या. पुढच्याच वर्षी जपानमध्ये कानाझावाला ताकाशी इतो यांच्याकडे तसेच काम झाले: ३,२७८ प्रथिने, ४,५४९ जोड्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर सामाईक जोड्या फार थोड्या निघाल्या.

लोक म्हणाले, पद्धत खोटी. २००२ मध्ये तर एका ताळेबंदात असे आले की यीस्टमधल्या नोंदलेल्या सुमारे ८० हजार जोड्यांपैकी एकाहून अधिक पद्धतींनी दुजोरा मिळालेल्या जेमतेम २,४०० आहेत. तेव्हा या नकाशांची बरीच थट्टा झाली.

पण दोन माणसे एकाच जंगलात वेगवेगळ्या रात्री गेली आणि दोघांनी वेगवेगळे प्राणी पाहिले, तर दोघेही थापा मारतात असे ठरत नाही. जंगल मोठे आहे असेही ठरू शकते. २००८ मध्ये मार्क व्हिडाल यांच्या गटाने हिशेब नव्याने मांडला, तेव्हा यीस्टचा मुख्य दोष खोटेपणा नसून अपुरेपणा असल्याचे दिसले. मिळालेल्या जोड्या बऱ्याच अंशी खऱ्या होत्या. न मिळालेल्या फार जास्त होत्या.

थट्टा करणाऱ्यांनीही तीच गल्लत केली होती. दिसले नाही म्हणजे नाही, असे त्यांनी धरले.

२००५ मध्ये मलेरियाच्या परजीवीची, प्लाझ्मोडियम फाल्सिपारमची, प्रथिने यीस्टमध्ये घातली गेली. त्याचा डीएनए भलताच एकसुरी. पाचांतली चार अक्षरे ए आणि टी. यीस्टला ते वाचताना ठेचा लागतात, म्हणून प्रथिनांचे तुकडे करून घालावे लागले. २,८४६ जोड्या मिळाल्या. डासाच्या आणि माणसाच्या अंगात आयुष्य काढणाऱ्या जिवाचे नातेगोते, दोघांपैकी कोणाचीच नसलेल्या पेशीत.

*

ही पेशी म्हणजे पाव फुगवणारी आणि दारू करणारी बुरशी. सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए. चोर्ला घाट उतरून सत्तरीत गेले की उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा रस माठांत, पिंपांत आंबत असतो. त्यात कोणी बाहेरून यीस्ट घालत नाही. बोंडांवर, भांड्यांवर, हवेत जे असते ते काम करते, आणि त्या मेळाव्यात या जातीचाही हात असतो. मग भाटीवर चढवून हुर्राक, पुढे फेणी. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. बुरशीचा उल्लेख अशा ठिकाणी कोणी करत नाही.

माणसाचा आणि यीस्टचा पूर्वज एक होता त्याला अंदाजे एक अब्ज वर्षे झाली. तरी माणसाचे प्रथिन यीस्टमध्ये घडी पडून उभे राहते आणि आपला जोडीदार ओळखते. २०१५ मध्ये टेक्सासमध्ये आशिक कचरू आणि एडवर्ड मार्कोट यांच्या गटाने याहून पुढची परीक्षा घेतली. ज्यांच्याविना यीस्ट मरते अशी ४१४ जनुके निवडली, एकेक काढले आणि त्या जागी माणसाचे त्याच वंशाचे जनुक ठेवले. जवळपास निम्म्या वेळा यीस्ट जगले.

निम्मे म्हणजे पुष्कळ, कारण मधे अब्ज वर्षे आहेत. निम्मे म्हणजे कमीही, कारण उरलेल्या निम्म्यांत नेमके आपले जनुक असू शकते. उसनी पेशी वापरणाऱ्याने दोन्ही वाक्ये एकाच वेळी ध्यानात ठेवायची असतात. मनाला हे फार वेळ जमत नाही. त्यातले एक वाक्य सोयीप्रमाणे गळून पडते.

*

साक्षीदार जितका परका तितका तो निःपक्ष, असे आपण समजतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला याचे हसू येईल. १९५६ पासून या पट्ट्याने बाहेरून आलेले किती निःपक्ष पाहिले! परका निःपक्ष असेलही. पण इथली कोणती गोष्ट कोणत्या ऋतूत घडते, कोणत्या घरचे येणे-जाणे कोणाकडे, हे त्याला कोणी सांगावे लागते. यीस्टला माणसाच्या प्रथिनांत कोणाचीच बाजू घ्यायची नसते, आणि म्हणूनच त्यांचा ठावठिकाणाही त्याला ठाऊक नसतो.

म्हणून यीस्टच्या होकारानंतर खरे काम सुरू होते. त्या दोघांना त्यांच्या स्वतःच्या पेशीत शोधायचे. दोघे एका वेळी, एका कप्प्यात आहेत का ते पाहायचे. तिथूनच, आता जपून, अँटिबॉडीने ओढायचे. मग जिथे ते एकमेकांना धरतात तेवढी एकच जागा बिघडवायची. नाते तुटले आणि कामही थांबले, तर त्या नात्याला अर्थ होता. नाते तुटले आणि काही बिघडले नाही, तर ते नाते होते, एवढेच. निरर्थक नातीही निसर्गात टिकून असतात. उपयोग नसलेले सगळे उत्क्रांतीने छाटले आहे, ही समजूत हिशेबी माणसांची.

यीस्टवरचा होकार पहिल्या पानावर आणि हे सगळे काम ‘पुढील संशोधनात’ ढकललेले, असे लेख पुष्कळ निघतात. पद्धत स्वस्त आहे, प्लेट आणि इन्क्युबेटर असला की पुण्या-मुंबईतच काय, कुठेही लावता येते. स्वस्त उत्तराचा मोह महागड्या उत्तराहून मोठा.

*

आता प्लेटीशिवायही विचारता येते. अल्फाफोल्डसारखे संगणक-कार्यक्रम नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची घडी सांगतात. दोन प्रथिने दिली तर ती कशी बसतील तेही सांगतात. डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ मध्ये नोबेल मिळाले ते याच कामाबद्दल. तीन दिवसांचे काम तासांवर आले. प्रश्न मात्र तिथेच. संगणकालाही विचारले जाते ते ‘बसतील का’. यीस्ट निदान जिवंत होते, त्यात पाणी होते, गर्दी होती. संगणकात दोघेच असतात, समोरासमोर, तिसरे कोणी नाही. अशा एकांतात कोणाचे कोणाशी जुळणार नाही?

*

२०२० मध्ये माणसाच्या प्रथिनांचा तोवरचा सर्वांत मोठा यीस्ट-नकाशा प्रसिद्ध झाला. सुमारे १७,५०० प्रथिने आलटून पालटून आमिष आणि सावज केली, तीन वेगवेगळ्या प्रकारांनी, पुन्हा पुन्हा. सुमारे ५३ हजार जोड्या हाती आल्या. त्याच्या तीस-एकतीस वर्षे आधी एका जोडीवर दोन पानांचा लेख झाला होता.

या नकाशात करणाऱ्यांनी जे जोडले ते मला जोड्यांच्या संख्येहून महत्त्वाचे वाटते. शरीराच्या कोणत्या भागात कोणते जनुक चालू असते याची माहिती दुसऱ्यांनी, दुसऱ्या कामासाठी गोळा केली होती. ती त्यांनी नकाशावर पसरली. जी दोन प्रथिने एकाच ऊतीत असतात त्यांच्यातली रेघ ठेवायची, बाकीच्या त्या ऊतीपुरत्या पुसायच्या. मेंदूचा नकाशा वेगळा निघाला, यकृताचा वेगळा.

वैद्यकात एक जुने कोडे आहे. काही आनुवंशिक रोगांत बिघडलेले जनुक शरीरभर चालू असते, रोग मात्र एकाच अवयवाला होतो. या पसरलेल्या नकाशांत त्यातल्या काही रोगांचा धागा सापडतो. बिघडलेले प्रथिन सगळीकडे असते, पण ज्याला ते धरू शकत नाही तो जोडीदार त्या एकाच अवयवात राहतो. कोणत्या रोगात हे खरे, ते आता एकेक करून त्या त्या अवयवाच्या पेशीत तपासले जात आहे. तिथे प्लेट तीन दिवसांत उत्तर देत नाही.